आरसे चालतात

ताट वाढून ती बसणार एवढ्यात नवऱ्याने ती वस्तू टेबलावर ठेवली, आणि तिच्या एका पंख्यातून धुळीचा गोळा सुटून थेट मिठाच्या वाटीपाशी येऊन थांबला. करडा, मऊ, उंदराच्या पिल्लाएवढा. त्यात केस होते. एक लांब, बाकीचे आखूड आणि कुरळे. आणि केसांच्या गुंत्यात अडकलेला नखाचा एक तुकडा, पिवळट, पायाच्या अंगठ्याचा असावा इतका जाड. तिने नखाकडे पाहिलं. अशा वेळी भूक मरते म्हणतात, पण तिला अगदी स्पष्ट कळलं की भूक मेली नव्हती; ती होती तिथेच होती, फक्त तिच्यावर कुणीतरी पाय ठेवला होता.

“ग्राफिक्स कार्ड,” नवरा म्हणाला. पाहुण्याची ओळख करून द्यावी तसा. “हातात घेऊन बघ. चांगलं जड आहे.”

“आधी उचला ते तिथून.”

“अगं, पुसून घेऊ ना.”

“नख आहे त्यात. कुणाचं तरी.”

“मग? माणसंच वापरणार की. बैलांना कशाला लागतंय ग्राफिक्स?”

आपल्याच विनोदावर तो हसला आणि गोळा उचलायला त्याने हात पुढे केला. हात आधी चमच्यापाशी गेला, मग पेल्याच्या कडेला लागला, मग टेबलाच्या कापडावरून चाचपत चाचपत मिठाकडे आला. ती बघत राहिली. ‘इकडे, डावीकडे,’ एवढे दोन शब्द तोंडात तयार होते, पण तिने ते बाहेर सोडले नाहीत. शेवटी त्याच्या चिमटीत गोळा आला तेव्हा थोडं मीठही आलं. त्याने ते सगळं शर्टाच्या खिशात टाकलं. तिला त्या खिशाची किळस आली, मग त्या शर्टाची, आणि हा शर्ट उद्या आपणच धुणार आहोत हे आठवून स्वतःच्या हातांची.

डोळ्यांचं कळून चार महिने झाले होते. काचबिंदू. डॉक्टरीणबाईंनी त्याचं डोकं एका पांढऱ्या घुमटात घालून ठिपके दाखवले होते, आणि मशीनमधून त्याच्या नजरेचा नकाशा छापून आला होता: कडेने सगळीकडून काळा पडत आलेला, मध्ये बटणाएवढी पांढरी जागा. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस. लायसन गेलं, मग स्कूटर विकली, आणि स्कूटरचे जे आले त्यात तो गेम खेळायचा कॉम्प्युटर जमवायला निघाला होता. तयार विकत घेतला तर परवडत नाही, सुटे भाग घेऊन जोडला तर परवडतो, असं त्याला फोनवरच्या कुणीतरी समजावून सांगितलं होतं. गेम एकच खेळायचा होता. त्यात मोठाल्या गाड्या असतात, रस्ते असतात, आणि चालवायला लायसन लागत नाही. भागांची यादी त्याने त्या नकाशाच्याच पाठीमागे केली होती. एका बाजूला त्याचे विझत चाललेले डोळे, दुसऱ्या बाजूला प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय, कॅबिनेट. खोडून, बाण काढून, पुन्हा लिहून. रॅम कमी करून पॉवर सप्लाय वाढवलेला, कॅबिनेट रद्द करून ‘पत्र्याचा डबा चालेल’ असं लिहिलेलं. तेलकट बोटं लागून कागद इतका पातळ झाला होता की उजेडात धरला तर नकाशाचा काळा रंग मदरबोर्डाच्या आरपार दिसायचा.

“नवं कार्ड बसतं गं बजेटात,” तो जेवताना सांगत होता. घास तोंडात असताना बोलायची सवय त्याला पहिल्यापासून. “पण नव्यातलं स्वस्त घेतलं तर आरसे बंद ठेवावे लागतात.”

“कसले आरसे?”

“गाडीचे. गेममधल्या. पुढचा रस्ता एकदा दाखवायचा, आणि मागचा रस्ता दोन आरशांत दोनदा. तिप्पट काम पडतं. स्वस्तातलं कार्ड दमतं, चित्र अडखळायला लागतं. मग लोक आरसेच बंद करतात. नुसती काळी पाटी राहते तिथे. म्हणून हे जुनं, पण दमदार. आरशांशिवाय गाडी चालवायची तर मग ती काय हातगाडी आहे?”

पुन्हा घ्यायची ऐपत नव्हती, हे तिला माहीत होतं. एकदाच काय ते घ्यायचं. चुकलं तर पांढरं बटण आणखी लहान होईपर्यंत हा माणूस खिडकीशी बसून खाली जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजावरून गिअर ओळखत राहणार. ते तर तो आत्ताही करायचा. “दुसरा टाकला बघ, उशिरा टाकला,” असं भिंतीला सांगायचा.

“ज्याच्याकडचं आहे तो कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणाला, काकू रेडिओच्या कारखान्यात होत्या ना, त्यांना दाखवा. म्हणून आणलंय. बघ जरा तुझ्या त्या भिंगातून.”

तिने हात धुतले. जेवणाआधी धुतले होते ते धरून तिसऱ्यांदा. भिंग कपाटाच्या वरच्या खणात होतं, अजून त्याच्या मूळच्या मखमली पिशवीत. ते डोळ्याला लावताच तिला सोल्डर करताना जळणाऱ्या राळेच्या धुराचा वास आला. भिंगाला वास नसतो हे तिला कळत होतं. पण एकोणतीस वर्षं सकाळी आठला ती तो धूर नाकात घेऊन बसली होती. लांब दालन, डोक्यावर ट्यूबलाइटच्या पांढऱ्या नळ्या, दोन्ही बाजूंना वीस-वीस बायका, आणि दारात सुपरवायझर बाई, प्रत्येकीची नखं पालथा हात धरून बघणाऱ्या. नख वाढलेलं दिसलं तर घरी परत. वेणी टोपीत, बांगड्या खणात. त्या दालनात ती पहिल्यांदा शिरली तेव्हा विशीत होती, आणि तिला वाटलं होतं की जगात कुठेतरी एवढी स्वच्छ जागा असू शकते, आणि तिथे आपल्याला येऊ देतात. तयार झालेले रेडिओ तिच्यापुढे फळीवर येत. सगळे एकाच केंद्रावर लावलेले. बातम्या देणारा माणूस एकच वाक्य एका वेळी चाळीस तोंडांनी बोलायचा. तिच्या हातात प्लॅस्टिकची विणकामाची सुई असायची. उघड्या रेडिओच्या आत एकेका जोडावर सुईचं बोथट टोक हलकेच आपटायचं, टकटक, टकटक. जिथे आवाज खरखरला तिथे ड्राय सोल्डर. म्हणजे वरून चकचकीत, गोल, कुणाच्याही डोळ्यांत भरेल असा जोड, पण आत तारेला त्याने धरलेलंच नसतं. कारखान्यात तिला सगळ्या टकटकबाई म्हणायच्या. समोरून नाही, पण स्वच्छतागृहाच्या दारामागून कुणी तरी हमखास दारावर टकटक करायचं आणि आत हशा पिकायचा. तीही हसायची. तिच्या हातून गेलेला रेडिओ परत आला, असं एकोणतीस वर्षांत दोनदाच झालं होतं, आणि ते दोन्ही नंबर तिला अजून पाठ होते.

तिथून ती घरी यायची, आणि घरात तो असायचा. डिझेलचा वास, घामाने कडक झालेली कॉलर, बसच्या चावीने कान कोरायची ती सवय. कोरून झालं की चावीकडे बघायचा आणि मग ती टेबलावर ठेवायचा. दातांत अडकलेलं जिभेने ओढताना होणारा आवाज. मुक्कामाच्या फेरीहून परत आणलेला डबा, दोन दिवसांचं उरलेलं आत ठेवून झाकण गच्च लावलेला, ते झाकण तिनेच उघडायचं. तरुणपणी ती मैत्रिणींना म्हणायची, माझ्या नवऱ्याचं एकच वाईट, तो घरी येतो. सगळ्या हसायच्या. आता त्यातल्या तिघी नाहीत, उरलेल्यांना आठवत नाही, आणि तो मात्र कायमचा घरी आला आहे.

भिंगाखाली कार्ड एखाद्या गावासारखं पसरलं. धुळीच्या खाली सिगारेटचा चिकट पिवळा थर होता. त्याच्याही खाली, मधल्या मोठ्या चिपच्या चौकोनाच्या कडेने, तिला जे दिसलं ते दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं: राळ पुन्हा वितळून सुकल्याची तपकिरी चकाकी. चौकोनही केसभर तिरका बसलेला. हे कार्ड एकदा मेलं होतं. कुणीतरी गरम हवा मारून त्याचे जोड आतल्या आत वितळवले होते, आणि ते तात्पुरतं उठून बसलं होतं. असे जोड धरत नाहीत. महिना, फार तर दोन.

“कसं आहे?” त्याने विचारलं. तो टेबलाच्या पलीकडे उभा होता आणि नेमका तिच्या चेहऱ्याकडे न बघता तिच्या खांद्याकडे बघत होता.

“घाण आहे,” ती म्हणाली.

“ते सोड. चालेल का?”

“उद्या दुकानात चालू करून बघू.”

बाकीचं तिने गिळलं. आणि गिळताना तिला आपण काय करतो आहोत ते पुरतं ठाऊक होतं. घेऊ दे. दोन महिने मिरवू दे. मग एका सकाळी पडदा काळा झाला की बघू आरशांचा तोरा. विचार मनात आला तेव्हा तिला त्याची लाज वाटली नाही. उलट जुन्या दुखऱ्या दातावर जीभ ठेवावी तसं बरं वाटलं. आरसे. जेवणभर हा माणूस तिच्यासमोर ‘आरसे आरसे’ करत होता, आणि एकदाही, एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं की हा शब्द या घरात त्याने उच्चारू नये.

अडतीस वर्षांपूर्वीची दुपार. त्यांची मुलगी तेव्हा पावणेदोन वर्षांची. अंगात इतका ताप की ब्लाउजच्या आरपार तिला चटका बसत होता. शेजारीपाजारी कुणी नव्हतं. दवाखाना पाच थांबे पुढे. नवऱ्याची ड्यूटी कोणत्या मार्गावर आणि तो किती वाजता इकडून जातो हे तिला तोंडपाठ होतं, म्हणून दोन बस तिने मुद्दाम सोडल्या. त्याचीच बस घेऊ, तो कंडक्टरला सांगेल, बसायला जागा होईल, असा साधा हिशेब. बस आली. लांबूनच तिने ओळखली. मुलीला एका खांद्यावर टाकून तिने दुसरा हात वर केला, हातात मुलीचं दुपटं होतं, ते हलवलं. बस हळू झाली नाही. दारात लोंबकळणारे लोक, गरम धूर, आणि मग पाठमोऱ्या लाल गाडीची मागची खिडकी. ती चालत गेली. पाच थांबे. संध्याकाळी तो आला, नळाखाली हात धुता धुता म्हणाला, “दिसलीस मला दुपारी. आरशात. गाडी भरलेली होती.” मग हात पुसले आणि जेवायला बसला. मुलगी तिसऱ्या दिवशी बरी झाली. आज ती परगावी संसार करते आणि तिला यातलं काही ठाऊक नाही. काही झालंच नव्हतं. हेच सगळ्यात वाईट होतं. काही झालं असतं तर तिला ओरडता आलं असतं. काही झालं नाही, म्हणून तिच्याकडे फक्त ते एक वाक्य राहिलं, आणि त्या वाक्यातून दिसणारं एक चित्र: गोल काठाच्या लांबट आरशात हातात दुपटं घेतलेली एक बाई, लहान होत जाणारी, आणि तिच्याकडे बघणारा, बघून पुन्हा रस्त्याकडे वळणारा त्याचा डोळा. अडतीस वर्षं तिने स्वतःला त्या आरशात पाहिलं होतं. भांडी घासताना, रेडिओ ठोकताना, त्याच्या शेजारी झोपलेली असताना. बघितलं आणि थांबला नाही. या एका गोष्टीवर तिची सगळी किळस उभी होती. चावी, कॉलर, डबा, जिभेचा आवाज, हे सगळे त्या किळसेचे वरचे मजले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानात गेले. दुकान म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरची एक अरुंद खोली, अर्धी मेलेल्या कॉम्प्युटरांनी भरलेली. दुरुस्तीवाला पन्नाशीचा, अवाढव्य, तोंडाने श्वास घेणारा. तो पाकिटातून नारिंगी मसाला लावलेलं काहीतरी कुरकुरीत खात होता आणि त्याच बोटांनी कीबोर्ड बडवत होता. बटणांवर वर्षानुवर्षांचा मसाला बसून अक्षरं बुजली होती. त्याने एक खुर्ची पुसली. पुसल्यावर ती जास्त घाण दिसायला लागली.

“बसा काकू. तुमच्यासारखं माणूस आलं की आमची परीक्षाच असते.”

“मी उभीच बरी.”

“तिला खुर्चीत विष्ठा दिसते,” नवरा म्हणाला. “राजाच्या सिंहासनावर बसवलीस तरी आधी पदराने झटकेल.”

“सिंहासनावर कोण बसून गेलंय त्यावर आहे,” ती म्हणाली.

दुरुस्तीवाला हसला, त्याचं पोट गल्ल्याच्या खणावर हललं. त्याने उघड्या मशीनमध्ये कार्ड बसवलं, गेम लावला. नवऱ्याला पडद्यासमोर बसवून बाणांची चार बटणं बोटाखाली दिली. स्टिअरिंगचं चाक विकत घ्यायला पैसे पुरणार नव्हते, ते यादीतून सगळ्यात आधी कटलं होतं. पडद्यावर रस्ता उघडला. तिला वाटलं होतं काहीतरी भडक, मुलांच्या खेळण्यासारखं असेल. पण तो साधा रस्ता होता, दोन्ही बाजूंना शेतं, ढगाळ दुपार, काचेवर थोडी धूळसुद्धा. आणि आरसे. डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि त्यांत मागे पडत जाणारी झाडं अगदी खरी. नवरा ताठ बसला. इतका ताठ तिने त्याला चार महिन्यांत पाहिला नव्हता.

“टोपण द्या तुमच्या पेनाचं,” ती दुरुस्तीवाल्याला म्हणाली. टोपण तिने रुमालात धरलं आणि चालू कार्डाच्या पाठीवर हलकेच आपटायला लागली. टकटक. टकटक. मधल्या चौकोनाच्या कोपऱ्यापाशी तिसऱ्या ठोक्याला उजवा आरसा फुटला. हिरव्या-गुलाबी पट्ट्यांचं धिरडं झालं त्याचं, दोन-तीन सेकंद तसंच राहिलं, मग झाडं परत आली. दुरुस्तीवाल्याने पाहिलं. तिने पाहिलं.

“वा,” नवरा म्हणाला. “आरसा बघ कसा लखलखीत.”

तेव्हा तिने ते ऐकलं फक्त. त्याचा अर्थ लावला नाही.

थोड्या वेळाने तो उठला, मुतारी कुठे आहे ते विचारलं, आणि अरुंद बोळातून भिंतीला हात लावत, दारं मोजत गेला.

“जुन्या मालात एवढं चालायचंच, काकू,” दुरुस्तीवाला खालच्या आवाजात म्हणाला.

“जुना नाही हा. मेलेला आहे. भाजून उठवलाय.”

“मी नाही हो भाजला. माझ्याकडे आला तो असाच.”

“नवं आहे ना ते, स्वस्तातलं? ते लावा.”

“लावतो. पण आरसे बंद करावे लागतील. काका घ्यायचे नाहीत. महिनाभर डोकं खाल्लंय माझं आरशांनी.”

“लावा तर खरं. आणि बदललंय म्हणून सांगू नका त्यांना.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, तोंडातलं चावायचं थांबवून. तिला त्याची नजर आवडली नाही, कारण तो काय समजला ते तिला कळलं: बायकोला नवऱ्याची मजा करायची आहे. खरंच होतं ते. येऊन बसेल, दोन मिनिटांत ओरडेल, अरे आरसे गेले, काय केलंत. आणि मग ती सांगेल की या आरशांसाठी तुम्ही मेलेलं मढं घरात आणत होतात. कुणाच्या तरी नखासकट. तो चिडलेला, हरलेला दिसला असता. तिला ते बघायचं होतं.

नवरा परत आला. बोटं ओली होती, ती त्याने पँटला पुसली. बसला. रस्ता तोच होता, जरा कमी झाडांचा. आरशांच्या जागी दोन्हीकडे काळ्या पाट्या, मेलेल्या टीव्हीसारख्या. त्याने गाडी काढली, पहिल्या वळणावर हनुवटी किंचित उजवीकडे नेली, जशी चौतीस वर्षं न्यायचा, पापणी लवेपर्यंतच, आणि परत समोर.

“ट्रक येतोय मागून,” तो म्हणाला. “घाई आहे लेकाला. जाऊ दे.”

आणि त्याने गाडी बाजूला घेतली.

दुरुस्तीवाल्याचा हात पाकिटात होता, तो तिथेच राहिला. तिला आधी हसू येईल असं वाटलं. ते आलं नाही. नवरा पुढे बोलतच होता, अगदी ओळखीच्या सुरात, डेपोतल्या सुरात. “आता मोकळा आहे मागे. एक ती निळी, ती पार लांब आहे.” आणि तो सूर ऐकताना तिला डेपोतली ती गोष्ट आठवली, जी तो पूर्वी पाहुण्यांना हसत सांगायचा. गाडीला ओरखडा आला, कुणाचा पाय चेंगरला, काहीही झालं की साहेब पहिला प्रश्न विचारायचा: आरशात काय दिसलं? आणि ‘दिसलं नाही’ म्हणणारा ड्रायव्हर त्या दिवसापासून घरी. म्हणून नव्याला जुने पहिला धडा हाच द्यायचे, की ‘दिसलं नाही’ हे दोन शब्द आयुष्यात तोंडातून काढायचे नाहीत. दिसलं, पण गाडी भरलेली होती. दिसलं, पण ब्रेक मारला असता तर मागचे पडले असते. काहीही सांग, पण दिसलं म्हण. पाहुणे हसायचे. तीही चहाचे कप उचलत ऐकायची.

दिसलीस मला दुपारी. आरशात.

बाहेरून परतलेल्या शेजारणीने सांगितलं असेल त्याला, येताना, जिन्यात. तुमची बायको थांब्यावर उभी होती हो पोरीला घेऊन. आणि नळापर्यंत येईतो त्याने ते वाक्य तयार केलं असेल. कुणी सांगितलं असेल किंवा नसेल. तिला ते आता कधीच कळणार नव्हतं. विचारलं तर तो ‘दिसलीस’ असंच म्हणेल, मरेपर्यंत. पण आरशात ती नसेलही. गोल काठाच्या त्या काचेत कदाचित फक्त रस्ता होता, धूर होता, आणि ती बाई, दुपटं हलवणारी, लहान होत जाणारी, जिला तिने अडतीस वर्षं रोज पाहिलं, तिला त्याने एकदाही पाहिलेलं नसेल. तिने कारखान्यात एवढे जोड ठोकून पाहिले होते. हा एक घरात होता, सगळ्यात मोठा भार वाहणारा, आणि त्याला तिने कधी सुई लावली नव्हती. तिला वाटायला हवं होतं की सुटले. तसं काही वाटलं नाही. कुणीतरी आपल्या पानातलं, आपलं म्हणून राखून ठेवलेलं उचलून नेलं, तेही उष्ट्या हाताने, असं वाटलं. इतकी वर्षं जी किळस तिला सरळ उभं ठेवत होती ती आता कशावर ठेवायची? कॉलरवर? एका म्हाताऱ्या माणसाच्या ओल्या बोटांवर?

“हेच घ्यायचं,” नवरा मागे वळून म्हणाला. वळला तो दुरुस्तीवाल्याच्या कपाटाकडे. “आरसे एक नंबर.”

“काका, ते जरा—” दुरुस्तीवाल्याने सुरुवात केली.

“नवं आहे हे,” ती मध्येच म्हणाली. “मघाशी बदललं. तुम्ही आणलं होतं ते खराब होतं, मी ठोकून बघितलं.”

त्याचा चेहरा पडला. बोटं बटणांवरून उचलली गेली. “नवं? मग आरसे?”

हाच तो क्षण होता, जो बघायला ती उभी राहिली होती. सांगायचं झालं तर आत्ता. आरसे बंद आहेत, मघापासून तुम्ही काळ्या पाटीशी बोलताय. वाक्य तयार होतं, स्वच्छ, एकही शब्द जास्तीचा नाही.

“चालतात,” ती म्हणाली.

“चालतात?”

“चालतात की, काका,” दुरुस्तीवाला म्हणाला. “नवीन काय ते आलंय ना आता. अपडेट.” आणि तिच्याकडे बघून त्याने अगदी बारीक मान हलवली, ओठाच्या कोपऱ्यात नारिंगी मसाला. आपण दोघं एकाच बाजूचे, अशी ती मान. तिला तो माणूस कधी नव्हे इतका ओंगळ वाटला. आणि त्याच्याहून ओंगळ वाटला आपला आवाज, इतक्या सहज, न अडखळता निघालेला; जसा काही तोही चौतीस वर्षं डेपोत शिकून आला होता.

आता कॉम्प्युटर घरी आहे. पत्र्याचा डबाच घेतला शेवटी, त्याच्या कडा तिने कापडाने गुंडाळल्या, हात कापू नये म्हणून. नवरा सकाळी दोन तास चालवतो आणि दुपारी झोप झाली की पुन्हा. कीबोर्डावर चहाचा पहिला डाग पडला तेव्हा ती बोलली. दुसरा पडला तेव्हा नुसता पुसला. तो खेळताना तिला त्या खोलीत बसायचं नसतं. पण उजेड तिथेच चांगला येतो, म्हणून ती भाजी घेऊन बसते.

परवा ती मटार सोलत होती. पडद्यावर लांबच लांब सरळ रस्ता होता, ऊन होतं.

“पिवळी गाडी चिकटलीय मागे,” तो म्हणाला. “बराच वेळ झाला. हॉर्न देत नाही, पुढे जात नाही.”

तिने वर पाहिलं. डावीकडे काळं, उजवीकडे काळं. ती पुन्हा शेंगांकडे वळली.

“मग जाऊ द्या तिला पुढे,” ती म्हणाली.

त्याने इंडिकेटर दिला. टिक टिक आवाज खोलीभर झाला. त्याने वेग कमी केला, गाडी अगदी कडेला घेतली, नियमाप्रमाणे, आणि वाट पाहिली. पुढे गेलेली गाडी पुढे दिसायला हवी. आणि पुढचं त्याला दिसतं, ते अजून दिसतं, नकाशातलं मधलं तेवढं पांढरं आहे. दोघंही त्या रस्त्याकडे बघत होते. रस्ता रिकामा होता, अगदी टोकापर्यंत. तिच्या हातातली शेंग उघडली तर दाण्यांच्या रांगेत एक जाड, फिकट हिरवी अळी निघाली, दाण्यासारखीच गोल होऊन बसलेली. तिने ती सालासकट बाजूला ठेवली. अंगावर काटा आला होता. इंडिकेटर वाजतच होता.

“गेली?” त्याने विचारलं. मान न वळवता, हळू.

तिने बोट पदराला पुसलं.

“गेली,” ती म्हणाली.

त्याने इंडिकेटर बंद केला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणली.